लॅपटॉप तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका

मे लागला की आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो रामबागेतल्या भाच्याने पाठवला. "गेमिंग लॅपटॉप ९० डिग्रीच्या वर गेला म्हणजे प्रोसेसर जळतोय. बंद करून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, चार्जर काढून खेळा, दर महिन्याला थर्मल पेस्ट बदला, कूलरसमोर बसा." खाली त्याचा प्रश्न: "मामा, ठेवू का?"

नको रे बाबा.

आधी ते ९० घेऊ. इंटेलच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉप प्रोसेसरना कंपनीनेच १०० डिग्रीपर्यंतची मर्यादा आखून दिलेली असते, एएमडीच्या चिपना साधारण ९५ ते १०५. तिथवर पोचलं की चिप आपणहून वेग आणि वीज कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि गेम अडखळतो तो त्यामुळे. तक्रार खरी, निदान चुकलेलं.

फ्रिजचं तर विचारूच नका. गेम जोरात चालू असताना असा लॅपटॉप सहज दीडशे वॅट ओढतो आणि ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. जुने ६० वॅटचे अडीच बल्ब एका पाटीएवढ्या डब्यात पेटवल्यासारखं. फ्रिजमधून आणलेला गारवा चार-दोन मिनिटं टिकेल, पुढे येरे माझ्या मागल्या. शिवाय पावसाळी हवेत फ्रिजमधल्या ताकाच्या तांब्यावर सुटतं तसं पाणी लॅपटॉपलाही सुटतं, आतल्या बोर्डावरसुद्धा.

चार्जर काढला की तापमान उतरतं, हे कबूल. पण बॅटरीवर त्याला पुरेशी वीजच मिळत नाही, म्हणून तो मुळातच हळू चालतो. खेळ अडखळतो म्हणून खेळच अर्धा करायचा, असला हा उपाय.

कूलरच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. मालव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली छान गार करतो, आणि खोली दहा डिग्रीने उतरली तर चिपही साधारण तेवढीच उतरते. फक्त लॅपटॉप थेट झोतात नको. बारीक तुषार उडतात, त्यात बोअरचं पाणी असलं तर क्षारही. तशी आपल्याकडची रात्र फुकट गार असते, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. दुपारी दोनला खेळायलाच हवं का?

थर्मल पेस्ट म्हणजे चिप आणि तिच्यावरच्या धातूमधला, उष्णता पुढे नेणारा लेप. ती दर महिन्याला बदलायची गरज नाही. काही वर्षांनी वाळली तर जाणत्या माणसाकडून बदलून घ्या. काही मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रव धातू असतो. तो बोर्डावर ओघळला तर शॉर्टच, त्यामुळे घरी हात लावू नये.

गंमत म्हणजे खऱ्या कारणाचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. रविवारी भाच्याचा लॅपटॉप उघडला. पंखे वरून अगदी स्वच्छ. पंखा सोडवला तेव्हा त्याच्या आणि पुढच्या धातूच्या बारीक पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा राखाडी नमदा दिसला, बोटभर लांब. चिमट्याने ओढला तर अखंड निघाला. साहेब पलंगावर पालथे पडून खेळतात. हवा खालच्या जाळीतून आत जाते, ती जाळी गादीत रुतलेली, आणि चादरीचा कापूस आत. ब्रशने झाडताना पात्यं बोटाने अडवून धरलं, नाहीतर पंखा भलताच फिरतो.

मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्क्यांवरून ९९ केलं. एवढ्याने प्रोसेसरचा टर्बो बूस्ट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळणं, सहसा बंद होतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता एकाच तांब्याच्या नळ्यांतून जाते, म्हणून एकाची कमी झाली की दुसरीला वाव मिळतो. गेमची चित्रं (फ्रेम) सेकंदाला ६० वर बांधली. गादीऐवजी खाली लाकडी पाट दिला आणि मागच्या बाजूला बाटलीची दोन बुचं.

गेम आता नीट चालतो. पाट देवघरातला होता, म्हणून ताई माझ्यावर चिडली आहे. तेवढं मात्र निस्तरायचं आहे.