म्हाताऱ्यांचं उत्पन्न तपासा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, गल्लीच्या मंडळाच्या, पाव्हण्यांच्या, भजनी मंडळाच्यासुद्धा. म्हणणं असं, की म्हाताऱ्यांना सरसकट सवलती देणं बंद करा, प्रत्येकाचं उत्पन्न तपासा आणि खरंच गरज आहे त्यालाच द्या. खाली सहा मुद्दे: बंगलेवाल्या आज्या बसमधून फुकट फिरतात, उत्पन्नाचा दाखला म्हणजे एक कागद, आता तर सगळं ऑनलाइन, श्रीमंतांचं काढलं की गरिबाला डबल देता येईल, रेल्वेने सवलत बंद केली तर कुणाचं काय अडलं, आणि ज्यांची मुलं कमावती आहेत त्यांनी सरकारपुढे हात पसरू नये.

असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण हा मेसेज बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझ्या आत्तीपर्यंत पोचला, नातवानं मोठ्यानं वाचून दाखवला, आणि पुढच्या वेळी बीपीच्या गोळ्यांसाठी बेळगावला येताना तिनं कंडक्टरसमोर पैसे काढले. तो म्हणाला आजी आधार दाखवा, शून्य तिकीट देतो. तर ही म्हणते नको रे बाबा, आमचं घर स्लॅबचं आहे, पोरगा पुण्याला आहे. जिला हक्कानं मिळत होतं तिला लाज वाटायला लावली तुम्ही. म्हणून हे लिहितोय.

आधी बसचं बोलू. कर्नाटक सरकारची फुकट बसची शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, ती म्हाताऱ्यांसाठी नाहीच, कर्नाटकात राहणाऱ्या सगळ्या बायकांसाठी आहे, आणि साध्या आणि एक्सप्रेस बसलाच चालते, एसी-लक्झरीला नाही. आता सांगा, टिळकवाडीतली बंगलेवाली बाई जांबोटीच्या लाल बसमध्ये गर्दीत उभ्यानं येणार आहे काय? तिच्या दारात गाडी आहे. त्या बसमध्ये भाजीच्या बुट्ट्या घेऊन येणाऱ्या बायका असतात, सिव्हिलला निघालेल्या असतात, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या असतात. ज्याला गरज नाही तो आपोआप त्या बसपासून लांब राहतो, त्यासाठी दाखला तपासायची गरज नाही. हां, एक गोष्ट मान्य करतो, म्हाताऱ्या पुरुषांना या योजनेत काही नाही, साठीनंतर तिकिटात २५ टक्के सूट तेवढी. तो अन्याय आहेच. पण त्याचं उत्तर पुरुषांनाही द्या हे आहे, बायकांचं काढा हे नाही.

आता तो दुसरा मुद्दा, "एक कागद" वाला. तो वाचून माझं डोकंच फिरलं. हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी म्हाताऱ्या माणसाला घेऊन नाडकचेरीची, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीची, पायरी चढलेली नाही, हे पहिल्या ओळीतच कळतं.

पगारदाराकडं पगाराची स्लिप असते. शेतकरी म्हातारीकडं काय असतं? उतारा. आणि उताऱ्यावर सासऱ्याचं नाव, किंवा दोन एकराला सात वारसांची नावं. वाटणी झाली तर प्रत्येकाला अकरा-साडेअकरा गुंठे, पण कागदावर मात्र ती दोन एकराच्या उताऱ्यावरची बाई. चिकोडी-निपाणीकडं उसाचं बिल सगळ्या घराचं मिळून एकाच खात्यावर जमा होतं, ते ज्याच्या नावावर तो कागदोपत्री मोठा बागायतदार. मग उत्पन्न ठरतं तलाठ्याच्या अंदाजावर. अंदाज जरा वर गेला की संपलं. अर्ज कन्नडमध्ये, शेरा कन्नडमध्ये, नामंजूर झाल्याचं कारणही कन्नडमध्येच, आणि आमच्या सीमाभागातल्या सत्तरीच्या बायकांची शाळा झाली असलीच तर मराठीतून चौथी. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी नियम-सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, असं ठरलेलं आहे, आणि त्यासाठी आपल्याकडं किती वर्षं निवेदनं चालली आहेत ते बेळगावकराला सांगायला नको.

आणि ऑनलाइन म्हणाल तर तालुक्यातल्या एका केंद्रावर मी स्वतः बघितलंय. एक म्हातारी अंगठा लावते, मशीन घेत नाही. दुसरा अंगठा, नाही. मग एकेक करून दहाही बोटं. पोरगं म्हणतं आजी हात धुऊन या. ती नळावर जाऊन धुऊन येते, पदराला पुसते, परत लावते. नाही. जन्मभर भात लावून, विळा धरून बोटांवरच्या रेषाच गेल्यात तिच्या, धुऊन येणार कुठून? परत कधी येऊ विचारलं तर पुढच्या आठवड्यात या म्हणाले. ती रांगेतून बाहेर पडली तेव्हा मागच्या माणसानं सुटकेचा श्वास सोडला.

बरं, एवढं करून उत्पन्नाची मर्यादा किती? संध्या सुरक्षा योजनेत, म्हणजे पासष्टीनंतरच्या पेन्शनला, वर्षाला ३२ हजार. महिन्याला २,७०० सुद्धा नाहीत. रोजगार हमीचा आपल्या राज्याचा दर २०२४-२५ ला दिवसाला ३४९ रुपये होता. एखादी बाई पासष्टीतही १०० दिवस खणायला गेली तर ३४,९०० झाले, म्हणजे नियमानं ती "सधन". २००७ ला ही योजना आली तेव्हाच्या नियमात तर असंही होतं की अर्जदाराच्या नावावर बँकेत १० हजारांच्या वर ठेव नको. म्हणजे आजारपणाला म्हणून जिनं चार पैसे मागं टाकले तीच बाद. यालाच तुम्ही गरज ओळखणं म्हणता?

कागद तपासून गरीब शोधायचा प्रयोग देशात झालेला आहे, नवीन काही नाही. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांच्या, याद्यांचं काय झालं बघा. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी दाखवलं की खेड्यातल्या गरीब घरांपैकी जवळजवळ निम्म्यांकडं बीपीएल कार्डच नव्हतं. निम्म्या! आणि आपल्या राज्यात २०२४ च्या नोव्हेंबरात अपात्र म्हणून बीपीएल कार्डं रद्द करायला घेतली, तेव्हा एवढी ओरड झाली की आयकर भरणारे आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डं परत द्या म्हणून सरकारलाच सांगावं लागलं. गाडी असूनही बीपीएल कार्ड बाळगणारे आहेत, मीही ओळखतो, त्यांची बाजू मी घेत नाही. पण त्यांना कागद कसा जमवायचा ते बरोबर माहीत असतं, चाळणीतून खाली पडतात ते दुसरेच.

श्रीमंत देश म्हणाल तर इंग्लंडचं घ्या. तिथं म्हाताऱ्यांना थंडीत घर गरम ठेवायला २०० ते ३०० पौंड मिळायचे, सगळ्यांना. २०२४ च्या जुलैत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं, आता फक्त पेन्शन क्रेडिटसारखी गरिबांची मदत घेणाऱ्यांनाच. एका फटक्यात सुमारे एक कोटी म्हातारे बाहेर. आणि ती पेन्शन क्रेडिट मिळण्याजोगे जे आहेत त्यातला तिघांतला एक जण अर्जच करत नाही, तिकडं, जिथं सगळे शिकलेले आहेत आणि फॉर्म त्यांच्याच भाषेत आहे. वर्षाच्या आत, २०२५ च्या जूनमध्ये, सरकारला माघार घ्यावी लागली. आता पैसे सगळ्यांना द्यायचे आणि ज्याचं उत्पन्न ३५ हजार पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून टॅक्समधून परत घ्यायचे, असं केलं. माझं म्हणणं हेच आहे. श्रीमंताला गाठायचं तर टॅक्सच्या खात्यात गाठा, म्हातारीला खिडकीवर का अडवता?

गरिबाला डबल मिळेल हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, खोटं म्हणवत नाही. पैसा काही आभाळातून पडत नाही, शक्तीसारख्या राज्य सरकारच्या पाच गॅरंटी योजनांना २०२४-२५ ला ५२ हजार कोटींच्या आसपास ठेवले होते. पण फक्त गरिबांसाठी ठेवलेल्या गोष्टीचं प्रत्यक्षात काय होतं? केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन फक्त बीपीएल म्हाताऱ्यांनाच मिळते. त्यात केंद्राचा वाटा ८० च्या आतल्यांना महिन्याला २०० रुपये, आणि २००७ पासून तो २०० च आहे. डबल कुठं झालं? ज्यांचा आवाज पोचतो त्यांना त्यातून काही मिळतच नाही, मग वाढवा म्हणून भांडणार कोण.

रेल्वेचं एका वाक्यात: २० मार्च २०२० पासून ६० वरच्या पुरुषांची ४० आणि ५८ वरच्या बायकांची ५० टक्के सवलत गेली, आणि कुणाचं काही अडलं नसतं तर संसदेच्या रेल्वे समितीनं निदान स्लीपर आणि थर्ड एसीला ती परत द्यायचा विचार करा असं म्हटलं नसतं.

राहिला मुलांचा मुद्दा. पोरगा पुण्यात नोकरीला असला म्हणजे आईच्या हातात पैसे असतात, हे कुठल्या गावात बघितलंत? त्याचं तिथलं भाडं, पोरांची फी, हप्ता. काही पाठवतात, काही सणाला पाठवतात, काहींचा फोनही येत नाही. कायदा आहे, २००७ चाच, आईबाप पोटगी मागू शकतात, महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, पण त्यासाठी प्रांतांच्या पुढं पोटच्या पोराविरुद्ध अर्ज द्यायला लागतो. किती आया देतील? तुमच्या नियमानं मात्र पोराचा पगार बघून आईचं बंद होणार, पोरानं दिले का नाही ते कुणी विचारणार नाही. मग गोळ्या संपल्या की तिनं पोराला फोन करून तिकिटाला पैसे मागायचे, आणि त्यानं बघतो म्हटलं की त्या महिन्याच्या गोळ्या राहिल्या.