लॅबच्या पानावरचे छंद आणि आमच्या घरातलं सोवळं

गेले दोन महिने आमच्याकडे रात्रीची जेवणं झाली की अमेरिकेतल्या लॅबची, म्हणजे प्राध्यापकांच्या संशोधन गटांची, वेबपानं उघडतात. भाचीला क्लिनिकल सायकॉलॉजीत, म्हणजे मानसिक आजार आणि त्यांच्या उपचारांच्या शास्त्रात, पीएचडी करायचीय. तिकडे या विषयात नुसत्या विद्यापीठाकडे अर्ज करून भागत नाही, कुठल्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचं तेही सांगावं लागतं. त्या प्राध्यापकाकडे वर्षाला एखादी जागा, कधी तीही नाही. म्हणून आधी ‘यंदा विद्यार्थी घेणार’ ही ओळ शोधायची आणि मग लॅबमध्ये कोण कोण आहे ते वाचत बसायचं.

मला ते वाचायला आवडतं. वर प्राध्यापक, मग पोस्टडॉक म्हणजे पीएचडी होऊन संशोधन करणारे, मग पीएचडीची मुलं, तळाशी पदवीची पोरं. प्रत्येकाच्या फोटोखाली आधी संशोधनाची आवड: किशोरवयीन मुलांचं स्वतःला इजा करून घेणं, बाळंतपणानंतरचं नैराश्य, तेच तेच विचार घोळवत बसणं. लगेच पुढे बाकीच्या आवडी: डोंगर चढणं, ब्रेड भाजणं, दोन मांजरं. एका लॅबने कुत्र्यालाही सदस्य केलंय. संशोधनाचा विषय, झाडावरच्या खारी.

पण या दोन आवडींच्या मधली ओळ कुठेच नसते. स्वतःला ब्लेड मारून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास करण्यात एखादीने उमेदीची दहा वर्षं का घालावीत? काहींना विषय केवळ बुद्धीला भावत असेल, मान्य. सगळ्यांनाच?

भाचीने मला २०२२ सालचा एक शोधनिबंध दाखवला. अमेरिका आणि कॅनडातल्या मानसशास्त्राच्या सोळाशेंहून अधिक प्राध्यापक-विद्यार्थ्यांना विचारलं होतं. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं, ४८ टक्क्यांना तर रीतसर निदान झालेलं. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना त्रास सोसलेलीच माणसं. पण २००६ च्या दुसऱ्या एका निबंधात प्रवेश समित्यांच्या प्रमुखांनी अर्ज कशाने बुडतो ते सांगितलंय, आणि स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल लिहिणं त्यात आहे. मानसशास्त्राने जगाला सांगायचं लाजू नका, बोला. आणि स्वतःच्या दारात उभ्या पोरीला सांगायचं, तेवढं सोडून बोल. मला हा शुद्ध दुटप्पीपणा वाटतो. वडील हार्ट अटॅकने गेले म्हणून कार्डिओलॉजिस्ट झालो असं कुणी स्टेजवर सांगितलं की आपण टाळ्या वाजवतो ना?

मार्शा लाइनहान यांचंच बघा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही मानसोपचाराची पद्धत उभी केली. वारंवार जीव द्यायला निघणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांसाठी आज ती जगभर वापरतात. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल होत्या. अंगावर डाग, भाजल्याच्या खुणा. दोन वर्षांहून जास्त काळ तिथे काढला. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. सगळा मानमरातब मिळून झाल्यावर! एवढ्या बाईला जर इतकं थांबावं लागलं, तर तेवीस वर्षांच्या पोरीने काय करायचं?

आता आमच्या घरातलं. भाचीला ओसीडीवर, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारावर, काम करायचंय, आणि ते कुठून आलं हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या आईचे हात. ती हात धुवायची, कोपरापर्यंत, मोजून. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. भाजी धुवायची, भाजीची पिशवी धुवायची, एकदा वीजबिल धुतलं. हिवाळ्यात बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. आम्ही काय म्हणायचो? ‘आईचं सोवळं फार कडक.’ शेजारणी कौतुक करायच्या. ज्या आजाराला घरात इतका सोयीचा शब्द तयार आहे, तो डॉक्टरकडे कोण नेणार?

लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी याच आजारावर, भीती वाटते ती गोष्ट करायला लावून नंतरचं धुणं थांबवायचा उपचार १९६६ साली छापला होता. आईचं लग्न १९६५ चं. पुढची सत्तेचाळीस वर्षं तो उपचार काही आमच्या न्हाणीघरापर्यंत पोचला नाही.

भाचीने अर्जातल्या निवेदनात आजीबद्दल परिच्छेद लिहिला होता. मार्गदर्शन करणाऱ्या एकीने तो लाल करून परत पाठवला. फार वैयक्तिक वाटतं म्हणे. मांजरं चालतात, आजी चालत नाही. मी चिडले, भाची नाही चिडली. तिने परिच्छेद काढला, एक वाक्य ठेवलं आणि मला विचारलं, ‘‘मावशी, सोवळ्याला इंग्रजीत काय म्हणू?’’

अर्धा तास बसलो. शुद्धता म्हणावं तर देवघरातली वाटते, स्वच्छता म्हणावं तर नगरपालिकेची. शेवटी तिने तो शब्द मराठीच ठेवला, फक्त अक्षरं इंग्रजी. एक डिसेंबरच्या आदल्या रात्री अर्ज गेला. छंदांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. तिला ब्रेड भाजता येत नाही. थालीपीठ येतं.