फॉल आला, पालकांनो कंबर कसा

फॉल म्हणजे अमेरिकेतला पानगळीचा ऋतू, शाळाही त्याच सुमारास उघडतात. म्हणून ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला की शहाण्या पालकाने सगळ्यात आधी फ्रिजवर कॅलेंडर लावावं. एक लावून भागत नाही, दोन लावा. डाव्या दारावर शाळेचं, उजव्या दारावर तिथीवारांचं, जे सासूबाईंनी साताऱ्याहून साडीच्या घडीत गुंडाळून आणलेलं असतं. या दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. तुम्ही मध्ये उभं राहून दूध काढता काढता समेट घडवायचा. आमच्याकडे न्यू जर्सीत ही प्रथा मोठी लेक झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं चालू आहे आणि घरातला एकही सण अजून वेळेवर झालेला नाही. तेव्हा सल्ला अनुभवाचा आहे.

२०२५ चंच घ्या. गणपती २७ ऑगस्टला, बुधवारी. शाळा ४ सप्टेंबरला. आणि गौरी जेवायच्या १ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या लेबर डेला. सप्टेंबरचा हा पहिला सोमवार कष्टकऱ्यांच्या सन्मानासाठी राखून ठेवलेला आहे आणि त्या दिवशी अख्खा देश ग्रिलसमोर खुर्ची टाकून बसतो. तुम्ही हा सन्मान सोळा भाज्या निवडत साजरा करा. अकरा इंडियन ग्रोसरीत मिळतील. उरलेल्या पाचांसाठी झुकिनीला घोसाळं म्हणायची तयारी ठेवा. गौरींना फरक कळत नाही असं माझं म्हणणं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, इतकंच.

विसर्जनाची बादली रिकामी झाली की तीच धुऊन शाळेच्या सामानाला घ्या. दोन डझन पेन्सिली (तासलेल्या, असं यादीत अधोरेखित केलेलं असतं), ग्लू स्टिक, टिश्यूचे चार खोके. हे सगळं दुकानात जुलैपासून मांडलेलं असतं. म्हणून तुम्ही ३ सप्टेंबरच्या रात्री नऊ वाजता जा. रिकाम्या फळीपुढे उभे असलेले बाकीचे आईबाप भेटतात, ओळखी वाढतात.

झोपेचं वेळापत्रक मात्र पंधरा दिवस आधी सुरू करा. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो, ऑगस्टअखेर साडेसातपर्यंत रेंगाळतो. अशा लख्ख उजेडात चार वर्षांच्या मुलाला ‘रात्र झाली’ असं पटवून देणं हे संस्कारांचं काम आहे. आमच्या धाकट्याने पडदा बाजूला करून बाहेर बोट दाखवलं. मी म्हटलं, उजेडावर जाऊ नकोस, घड्याळ बघ. हे वाक्य आईबापांनी जपून वापरावं. मुलं सगळं विसरतात, नेमकी अशी वाक्यं विसरत नाहीत.

आता डबा. या विषयावर मी दोन शब्द जास्त बोलणार आहे.

शाळेचं पत्र येतं: वर्गात कुणाला तरी अ‍ॅलर्जी आहे, कृपया शेंगदाणे आणि सुकामेवा पाठवू नये. रास्त आहे. कुणाच्या लेकराच्या जिवाशी खेळ नको, यावर दुमत नाही. तुम्ही मान डोलावून सही करा आणि मग शांतपणे आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. साबुदाण्याची खिचडी गेली. काकडीची कोशिंबीर गेली. भरलं वांगं गेलं, पातळभाजी गेली, पोह्यातले दाणे वेचून काढा. दुधी, पडवळ, मेथी, ज्यात ज्यात आपण कशानेच चव येत नाही म्हणून चमचाभर कूट घालतो, ते सगळं गेलं. आपला स्वयंपाक म्हणजे कूट आणि त्याला धरून ठेवायला भाज्या, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी एका शाळेच्या पत्रामुळे कळलं. तिळाच्या चटणीकडे वळावं, तर २०२१ च्या कायद्याने तीळही अमेरिकेच्या मुख्य अ‍ॅलर्जींच्या यादीत नववा येऊन बसलाय आणि २०२३ पासून पाकिटांवर त्याचं नाव छापावं लागतं. म्हणजे संक्रांतही संशयित.

यावर उपाय: वरणभात. साजूक तूप, लिंबू, वर काही नाही. थर्मासमध्ये गरम गरम भरा आणि झाकण पूर्ण ताकदीने आवळा, दप्तरात गळता कामा नये. गरम वाफ आत थंड होते, आतला दाब उतरतो आणि झाकण असं बसतं, की सहा-सात वर्षांच्या पोरीच्याने ते उघडत नाही. तिच्या मैत्रिणीने ओढून बघितलं, लंचच्या मावशींनी ओढून बघितलं. मावशींनी टेबलाच्या कडेवर आपटूनही बघितलं म्हणे. तेवढ्यात जेवणाची वीस मिनिटं संपली. अशा रीतीने सकाळी सातला भरलेला वरणभात दुपारी साडेतीनला जसाच्या तसा घरी येतो. मग तो आपण ओट्याशी उभ्याने खावा. मी या फॉलमध्ये जितका वरणभात खाल्ला तितका माहेरीही खाल्ला नव्हता. लेक काय खाते? दुसऱ्या मुलीच्या डब्यातले खारे क्रॅकर. आणि घरी येऊन सांगते, ‘आई, तुझा राइस खूप सेफ असतो.’

मुलांना निसर्गाची गोडी लावण्यासाठी हेच दिवस उत्तम. अंगणात एक किडा येतो. करडे पंख, काळे ठिपके, उडाला की आतून लालभडक. स्पॉटेड लँटर्नफ्लाय. मूळचा चीनकडचा, २०१४ मध्ये शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात सापडला आणि २०१८ मध्ये आमच्या राज्यात. झाडांचा, द्राक्षवेलींचा रस शोषतो म्हणून सरकारच सांगतं, दिसला की पायाखाली घ्या. शाळेतही तेच सांगतात. इकडे घरात सासूबाई मुंगीलाही ‘जाऊ दे, तिला पिल्लं असतील’ म्हणणाऱ्या. त्यामुळे मुलांना उंबरठ्याच्या आत अहिंसा आणि बाहेर देशसेवा, असं दुहेरी शिक्षण मिळतं. धाकट्याने एका संध्याकाळी चौदा मारले आणि आजीला बूट उलटे करून हिशेब दाखवला. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, ‘मी काही पाहिलं नाही.’ तुम्हीही हेच धोरण ठेवा, इतर बाबतींतही उपयोगी पडतं.

सप्टेंबरअखेर सफरचंदं तोडायला जावंच लागतं. न नेलेल्या मुलांचं पुढे काय होतं कुणास ठाऊक, पण सोमवारी वर्गात सगळ्यांचे फोटो येतात. बरोबर घरातलं एखादं जुनं शेतकरी माणूस असेल तर जरूर न्या. माझ्या सासऱ्यांची हयात उसात गेली. फाटकाशी माणशी तिकीट काढलं, आत रिकामी पिशवी विकत घेतली. इथे तिला पेक म्हणतात, साधारण साडेचार किलो मावतात.

‘म्हणजे तोडणी आपण करायची?’ बाबांनी विचारलं.

‘हो.’

‘मजुरी काय देत्यात?’

‘बाबा, आपणच देतो.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीसमोरची पन्नास-साठ माणसांची रांग दिसली. गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेताला एक चक्कर, माणशी वेगळे पैसे. बाबा म्हणाले, ‘आमच्याकडं पोरं ट्रॉलीत चढली तर मागनं काठी घेऊन उतरवावी लागत्यात.’ पण बसले. नातवाला मांडीवर घेऊन बसले आणि ड्रायव्हर गिअर चुकीचा टाकतोय हे अख्खी चक्कर मला मराठीत सांगत राहिले. मक्याच्या उभ्या पिकात वाट चुकण्याचं तिकीटही मिळतं, तिथे मात्र ते आले नाहीत. पिकात माणसं सोडणाऱ्या मालकाशी त्यांना दोन शब्द बोलायचे होते. मी त्यांना सायडर, म्हणजे इथला सफरचंदाचा रस, पाजून आवरलं.

येताना एक मोठा केशरी भोपळा घ्या. तो खायचा नसतो, त्याचं पोट रिकामं करून डोळे कोरायचे असतात. ही माहिती घरातल्या ज्येष्ठांना आधी द्यावी. मी दिली नव्हती. ‘धडधाकट भोपळ्याचे डोळे कसले काढताय?’ म्हणत सासूबाईंनी आतला सगळा गर खरवडून घेतला आणि घारगे करायला घेतले. कोरायचा भोपळा पाणीदार आणि बेचव असतो. गूळ दुप्पट घातला तरी गोडी लागेना, कणीक मळताना पातळ होत गेली, मग अजून कणीक, मग अजून गूळ. रात्री दहाला बासष्ट घारगे झाले होते. वीस-बावीस आम्ही खाल्ले, बाकीचे पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये. आणि इतका खरवडलेला भोपळा दारात आठवडाभरही टिकला नाही. नाक खारीने खाल्लं, उरलेला चेहरा आपोआप आत बसला. मुलांना तो हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन घरोघर फिरतात त्या दिवसाला, ठेवायचा होता. दुसरा आणा, सोपं आहे.

सर्दीबद्दल काय सांगू? शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात येते आणि मे महिन्यात जाते. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच मुलाला पाठवा, हा नियम असतो. ऑफिसात सांगायला तुमच्याकडे तसा कुठला नियम नसतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून ठेवा. मुलाला नको असेल तर स्वतःच्या कपाळाला लावा.

कपड्यांचं सोपं आहे. सकाळी पंचेचाळीस डिग्री फॅरनहाइट, दुपारी पंचाहत्तर. जॅकेट घालून पाठवायचं, ते शाळेत राहतं. दुसऱ्या दिवशी दुसरं पाठवायचं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या हरवल्या-सापडल्याच्या टेबलाशी जाऊन स्वतःचंच दुकान मांडल्यासारखं घ्यायचं.

घटस्थापना २२ सप्टेंबरला आली. त्याच दिवशी शाळेच्या कॅलेंडरवर ‘फॉलचा पहिला दिवस’ होता, दिवस आणि रात्र सारखे. दोन्ही कॅलेंडरांचं वर्षातून एकदा एकमत झालं आणि त्या दिवशी मला ऑफिसातून यायला उशीर झाला. दसरा २ ऑक्टोबरला. आपटा इथे कुठून मिळणार? म्हणून मुलांना सांगितलं की पिवळं पान शोधा, तेच सोनं. ही चूक करू नका. पान पिवळं का होतं, असा प्रश्न येतो. मी फार छान समजावलं. पानात हिरवा रंग रोज नव्याने तयार होत असतो, दिवस लहान झाले की झाड ते काम थांबवतं, हिरवा ओसरतो आणि आधीपासून आत असलेला पिवळा दिसायला लागतो. धाकट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग झाडाला पण सुट्टी मिळते?’ मोठीने शाळेत बाईंना पान दिलं आणि ते सोनं असल्याचं सांगितलं. बाईंनी ते तिच्याच फोल्डरमध्ये नीट घालून ‘घरी परत’ असा शेरा मारून पाठवलं. दुसऱ्याचं सोनं ठेवून घ्यायचं नाही, असाही काही नियम असेल.

१२ ऑक्टोबरला आई-बाबा, म्हणजे सासूबाई आणि सासरे, साताऱ्याला परतले. एप्रिलमध्ये विमानतळावर शिक्का मारताना सहा महिने दिले होते आणि दिवाळीला घर बंद ठेवायचं नव्हतं. विमानतळावरून येताना मुलांनी काही विचारू नये म्हणून गाडीत गाणी लावा. दिवाळी मग आपली आपणच करायची. चकली मोडते, मोडू द्यावी.

हॅलोवीनला काय व्हायचंय, हे मुलांना सप्टेंबरात विचारू नये. धाकट्याला लीफ ब्लोअर, म्हणजे अंगणातली पानं वाऱ्याने उडवायचं यंत्र, व्हायचं होतं. शेजाऱ्यांकडचा, नारिंगी, खांद्याला पट्टा असलेला. दोन रविवार खोके कापून, नळी जोडून, रंगवून मी तो केला. ३१ तारखेच्या संध्याकाळी तो आयत्या वेळी स्पायडरमॅन झाला. ब्लोअर मी घातला. तीन घरी मला व्हॅक्युम क्लीनर समजले.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता जवळजवळ सगळा देश घड्याळ एक तास मागे घेतो. २००७ पासून हाच मुहूर्त आहे. याला इथे एक तास जास्तीची झोप मिळणं म्हणतात. ज्यांना मुलं नाहीत त्यांना ती मिळतेही. तुम्ही आदल्या रात्री मुलांना तासभर उशिरा झोपवा, सगळी पुस्तकं हाच उपाय सांगतात. मी झोपवलं.

रविवारी अंधारात कुणीतरी माझी पापणी बोटाने वर केली.

‘आई, सहा वाजले.’

‘पाच वाजलेत. झोप.’

‘ओव्हनवर सहा आहेत. तूच म्हणालीस, उजेडावर जाऊ नकोस, घड्याळ बघ.’

ओव्हनचं घड्याळ बदलायला आम्हाला साधारण मार्च उजाडतो, तेव्हा ते आपोआप बरोबर होतं. खाली आलो. त्याला भूक लागली होती. फ्रीजरमध्ये तळाशी घारग्यांची शेवटची पिशवी होती, त्यावर सासूबाईंच्या अक्षरात तारीख. तव्यावर चार टाकले. तेवढ्यात त्याने माझा फोन घेऊन साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावलासुद्धा.

सासूबाई झोपाळ्यावर होत्या, मागे उन्हाची तिरीप. ‘अगं, इतक्या लवकर? मी आत्ताच हिशेब केला, साडेनऊ तास मागे तुम्ही. म्हणजे तिकडे सहा ना?’

‘आजपासून साडेदहा, आई. पाच वाजलेत.’

‘असं कसं? रात्रीतनं लांब गेलात व्हय?’ मागून बाबांचा आवाज आला.

धाकट्याने फोन खिडकीला लावून त्यांना अंधार दाखवला. मग तवा दाखवला.

‘ते घारगे अजून आहेत?’ सासूबाई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या, नुसतं कपाळ दिसायला लागलं. ‘मंद आचेवर ठेव गं, करपतोय तो डावीकडचा.’