हॅलो, आता येतंय का ऐकू?

लेक टोरांटोला गेल्यापासून आमचा रविवार सकाळी आठला एकाच मंत्रानं उजाडतो. ‘हॅलो, येतंय का ऐकू?’ ‘हो, माझं येतंय का?’ यात पाच मिनिटं जातात. मग दोघं एकदम बोलतो, एकदम थांबतो, आणि एकदमच म्हणतो, ‘तू बोल.’

शेवटी नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या पुतण्याला बोलावलं. ‘अरे, 100 एमबीपीएस स्पीडचे पैसे मोजतो मी!’

‘काका, बोलायला त्याचा हजारावा हिस्सा, 100 केबीपीएससुद्धा पुष्कळ. रस्ता केवढा रुंद ते सोडा, गाडी वेळेवर येते का ते बघा.’

म्हणे माझ्या आवाजाचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे होतात. सेकंदाला 50. प्रत्येक तुकडा आपापला निघतो. निघताना शिस्तीत, पोचताना मात्र आमच्या एसटीसारखे: बराच वेळ एकही नाही, मग तीन एकदम. याला जिटर म्हणतात. फोन थोडा वेळ वाट बघतो, त्यानंतर आलेला तुकडा सरळ फेकून देतो. आपण पंगतीला उशिरा आलेल्यालाही वाढतो हो! आणि रिकामी जागा फोन आधीच्या आवाजावरून अंदाजपंचे भरतो. लेक मधूनच यंत्रमानवासारखी घरघरते ती त्यामुळे.

आवाज एका बाजूनं 150 मिलिसेकंदांत पोचला तर गप्पा सुरळीत होतात. त्यातले साठेक तर काचेच्या तारेतून धावणारा उजेडच खातो. टोरांटो सरळ रेषेत 12,500 किलोमीटर आहे. उरलेल्यांवर मात्र आमच्या घरचेच डल्ला मारत होते. हिचा मोबाइल भाचीच्या लग्नाचे चारशे फोटो वर चढवत होता आणि माझा ‘हॅलो’ त्या वऱ्हाडाच्या मागे रांगेत उभा. शिवाय राउटर फ्रिजवर, शेजारी मायक्रोवेव्ह. दोघांचीही लहर 2.4 गिगाहर्ट्झची, त्यामुळे चहा गरम व्हायला लागला की वायफाय गार पडतं.

मी राउटर हलवणारच होतो. पण त्याआधीच्या रविवारी लेक म्हणाली, ‘बाबा, दिवाळीला आम्ही येत... आहोत.’ मधल्या जागी नुसतं घर्रर्र. हिनं तेव्हाच माझा चहा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला होता.

‘नाही’ म्हणायला पाव सेकंद लागतो. म्हणजे जेमतेम बारा तुकडे.

त्याच दुपारी हिनं तीन किलोंची भाजणी भाजायला घेतली. खरा निरोप मंगळवारी टाइप होऊन आला, तोवर चकल्या डब्यात गेल्या होत्या. आता पुतण्या रोज संध्याकाळी ‘राउटर बघायला’ येतो. त्याच्याकडे मात्र एकही तुकडा वाटेत हरवत नाही.