मामांची गोटी

काल संध्याकाळी एका अनोळखी माणसाने माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मला "बसा ना, उभे का?" असं म्हटलं. आणि मी बसलो. समोरच्या स्टुलावर, गुडघे जुळवून. त्यांनी म्हटलं याचा राग नाही, मी बसलो याचा आहे.

घर विकायला काढलंय. का, ते विचारू नका. गेल्या दोन महिन्यांत तेवीस पार्ट्यांना कारण सांगून झालं आणि एकाही पार्टीने त्यावर विश्वास ठेवला नाही. (आपण माणसं असतो, पण घर बघायला निघालो की 'पार्टी' होतो. हा शब्द एजंटचा.) कारण अगदी साधं आहे: तीन जिने आणि बायकोचे गुडघे. पण हे ऐकलं की समोरचे एकमेकांकडे असे बघतात, जणू खरा मुद्दा न्हाणीघरात पुरलाय आणि मी गुडघ्यांवर भागवतोय. परवा एका बाईंनी तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत वाट पाहिली, ती कशी चालते ते नीट बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तशा बऱ्या वाटतायत."

एजंटचा फोन येतो तो "दहा मिनिटांत पोचतोय" असाच. दहा मिनिटांत दोन माणसांनी आपण इथे राहत नाही असं दाखवायचं असतं. राहत्या घरात कुणी राहत नसल्यासारखं दिसलं तरच ते विकलं जातं म्हणे. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच आम्हाला वॉशिंग मशीनचा खरा उपयोग कळला. त्यात आजवर वर्तमानपत्रं, औषधांचा डबा, कमरेचा पट्टा, तीन पायपुसणी आणि माझा अर्धा सोडवलेला शब्दकोडं-संग्रह, एवढं एका फेरीत मावलं आहे. एका गृहस्थांनी मशीनचं झाकण उघडलं. मशीन विकायचं नव्हतं, तरी उघडलं. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शवागारातून बाहेर पडताना लावावं तितक्या हळुवारपणे झाकण लावून ते पुढे गेले.

वासाचंही तसंच. एजंट एकदा दारातच थबकला आणि म्हणाला, "खिडक्या उघडा जरा, वास येतोय." मी विचारलं, कसला? तर म्हणाला, "घराचा." आता याला काय उत्तर देणार? नाकाची खोड अशी की सतत येणारा वास काही मिनिटांत त्याला कळेनासा होतो. दुसऱ्याच्या घराला वास असतो, आपल्याला फक्त घर असतं. त्या दिवसापासून मी बाहेरून आलो की उंबऱ्यावर उभा राहून कुत्र्यासारखा हुंगतो. काही येत नाही. बायको म्हणते, येतो, पण तुझा येतो.

असो. मामांकडे येतो.

काल आलेली पार्टी खरं तर चांगली होती. तरुण जोडपं, हळू बोलणारं, चपला बाहेर नीट जोडीने ठेवणारं. त्यांच्या मागोमाग धाप न लागता तीन जिने चढून आले ते मामा. कुणाचे मामा ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो त्यांना मामा म्हणत होता, तीही मामाच म्हणत होती आणि पाचव्या मिनिटाला एजंटही म्हणायला लागला. पांढरा शर्ट, चापूनचोपून बसवलेले चकचकीत केस, काखेत रेक्झिनची पिशवी. "मी घेणार नाहीये," त्यांनी आत येताच जाहीर केलं, "मी फक्त बघणार." पिशवीतून एक टॉर्च, एक टेप, एक वही, किल्ल्यांचा जुडगा आणि एक काचेची निळी गोटी निघाली. सर्जनने हत्यारं मांडावीत तशी ती माझ्या टीपॉयवर मांडली गेली.

आधी किल्ल्या. मामा उकिडवे बसून एकेका फरशीवर किल्ली आपटत पुढे सरकू लागले. टण. टण. टण. टण. खिडकीपाशी 'ठप'. मामा थांबले. पुन्हा ठप. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"पोकळ आहे."

फरशी बसवताना खालचा माल सगळीकडे सारखा पसरला नाही की मधे हवा राहते आणि आवाज बदलतो, हे मलाही माहीत आहे. मी म्हटलं, "मामा, एकोणीस वर्षं चालतोय मी हिच्यावरून."

"आणि काही झालं नाही?"

"नाही."

"नशीब," मामा म्हणाले आणि वहीत लिहिलं.

मग टेप. एक टोक धरायला त्यांनी मलाच लावलं. मीच माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यात टेप धरून उभा, आणि पलीकडून मामा: "दहा फूट अकरा इंच."

"अकरा फूट आहे," मी म्हटलं.

"कागदावर असेल."

"प्लास्टरमध्ये जातो इंचभर, मामा," एजंट मध्ये पडला.

"जातो ना? मग पैसेही जायला पाहिजेत."

"एका इंचाने काय फरक पडतो?"

"उद्या अकरा फुटांचं कपाट आणलं तर?"

अकरा फुटांचं कपाट मी आयुष्यात बघितलेलं नाही. ते तीन जिने चढून येणार कसं, हा प्रश्नही कुणाला पडला नाही. पण ते जोडपं गंभीर झालं. मुलीने भिंतीकडे असं बघितलं, जणू तिचं कपाट तिथे अडकून बसलंय. गेला तो इंच. एकोणीस वर्षं मी ज्या खोलीत निवांत घोरलो, त्या खोलीत काल रात्री मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं.

मग गोटी. हॉलच्या मधोमध मामांनी ती ठेवली आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. पाच मोठी माणसं श्वास रोखून एका गोटीकडे बघत होती. क्षणभर ती थांबली. मी मनातल्या मनात तिला विनवलं, नको. मग ती सुस्तपणे निघाली, हळूहळू वेग घेत कपाटाकडे गेली आणि कपाटाखाली दिसेनाशी झाली. आत कुठेतरी टक्‌ वाजलं.

"उतार," मामा म्हणाले.

मी घाईघाईने सांगायला लागलो की उतार मुद्दामही देतात, पाणी वाहून जायला, बाल्कनीत, न्हाणीघरात...

"कपाटाखाली न्हाणीघर आहे?"

नाही म्हणालो.

"मग पाणी कपाटाखाली कशाला पाठवायचंय तुम्हाला?"

मला कुठेच काही पाठवायचं नव्हतं. पण तोवर मी आरोपीसारखा बोलायला लागलो होतो, आणि आरोपीसारखं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. एजंट मोबाइलमध्ये बघत होता. त्याचं कमिशन आहे, पण तो नेमका कुणाच्या बाजूने आहे हे मला दोन महिन्यांत कळलेलं नाही. मला तो सांगतो, "किंमत थोडी खाली आणा." त्यांना सांगतो, "थोडं वर सरका." आणि मध्ये जिथे कुठे आम्ही भेटू तिथे तो हात पसरून उभा असणार.

आता भिंत. हॉलमध्ये ज्या भिंतीला लागून खुर्ची आहे, तिथे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बशीएवढा पिवळट डाग आहे. वडील तिथे बसायचे. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी नुसतंच. डोकं भिंतीला टेकलेलं. केसांना तेल. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा डाग काही महिन्यांत पुन्हा वर आला. रंगारी म्हणाला होता की आधी तेल काढा, वर सीलर मारा, मग रंग. नुसत्या रंगाला तेल जुमानत नाही. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि दोन्ही वेळा सीलर आणायचा राहिला. आळस. बायकोला तो आळस होता असं वाटत नाही, पण तिने कधी बोलून दाखवलेलं नाही.

मामांनी डागावर टॉर्च मारला.

"ओल."

"ओल नाही, तेल आहे."

"भिंतीला तेल?"

"वडिलांच्या डोक्याचं."

मामांनी बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. हे मी स्वतः बघितलंय. मी म्हटलं, ओल असती तर भिंतीला लोणा लागला असता. पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी मागे राहते. बघा, आहे का भुकटी? भुकटी नव्हती. मामा थोडे निराश झाले. टॉर्च बंद करून म्हणाले, "वडील आता कुठे?"

"दोन वर्षांपूर्वी गेले."

"अरेरे." मग आवाज खाली आणून, जोडप्याकडे एक नजर टाकून, "इथेच?"

"नाही. हॉस्पिटलात."

"बरं झालं," मामा म्हणाले.

आणि वहीत लिहिलं.

मी काहीच बोललो नाही. काल रात्री अंथरुणात मला सात उत्तरं सुचली, त्यांतली चार छापण्यासारखी नाहीत. पण त्या क्षणी मी मान हलवली. नुसती हलवली नाही, दुजोरा द्यावा तशी हलवली. बरं झालं म्हणजे काय? वडिलांनी मरताना पुढच्या खरेदीदाराची सोय बघितली? तसे ते होते म्हणा. कुणाला त्रास नको म्हणून रात्री दिवा न लावता पाणी प्यायला जायचे. पण ते मामांना कशाला सांगू? मामा तोवर त्यांच्याच खुर्चीत बसले होते आणि मला म्हणत होते, "बसा ना, उभे का?"

आमचा भाचा अर्थशास्त्र शिकतो. रात्री त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो हळहळेल असं वाटलं होतं, त्याने प्रयोग सांगितला. कानेमन, नेच आणि थेलर या तिघांनी १९९० साली छापलेला. वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. कॉफीचा मग तोच, मुलं त्याच वर्गातली, फक्त हातात येऊन थोडा वेळ झालेला. थेलर यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. कानेमन यांना त्याआधीच, २००२ साली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मामा, तुमच्या किमतीत आजोबांचा डाग धरलेला आहे."

हाही मला मामाच म्हणतो. काल हा शब्द मला नको झाला होता. फोन ठेवला खरा, पण पोरटं बोललं ते खोटं नव्हतं. आणि गंमत बघा, आज सकाळी एजंटचा निरोप आला: पार्टीला घर आवडलंय, फक्त हॉलच्या भिंतीच्या ओलीमुळे किंमत कमी करा म्हणतात. डाग एकच. मी त्याचे लावतो, ते त्याचे कापतात. लोणा, क्षार, भुकटी, सगळं मी समजावून सांगितलेलं. वहीत गेली ती ओलच.

एजंटला काय उत्तर द्यावं या विचारात होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात मामा. एकटेच.

"गोटी राहिली," मामा म्हणाले.

माझ्या तोंडून "या ना" निघालं. सवय. दोन महिन्यांत दार उघडलं की आपोआप "या ना" निघतं. उद्या चोर आला तर त्यालाही बाल्कनी दाखवेन. मग मी माझ्याच हॉलमध्ये पालथा पडलो, गाल फरशीला लावून, हातात मामांचा टॉर्च. कपाटाखाली धुळीचे बोळे, एक पेनाचं टोपण आणि टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण, ज्यावरून चार वर्षांपूर्वी माझं आणि बायकोचं तीन दिवस बोलणं बंद होतं.

"आणखी आत," वरून आवाज आला. "उजवीकडे बघा. उतार तिकडेच आहे."

गोटी उजवीकडेच होती. अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

बाहेर निघालो तर मामा खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले, डोकं मागे भिंतीला टेकलेलं. मी गोटी धरून उभा. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि आम्ही दोघंही का कोण जाणे, अर्धा मिनिट काही बोललो नाही. मग मामांनी डोळे उघडले, गोटी घेतली, शर्टाला पुसली, खिशात टाकली.

"जागा चांगली आहे ही," खुर्चीचे हात थोपटत ते म्हणाले. "वारा येतो."

दारापर्यंत पोचवायला गेलो. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी मागे वळून सांगितलं, "तेवढं ओलीचं बघून घ्या."

आत आलो. बायको भिंतीपाशी उभी होती. वडिलांच्या डागाच्या दोन बोटं खाली एक नवा डाग होता. ताजा, चकचकीत, आणि हात लावून बघितला तर खरंच ओला.