काळी एकचा पंखा

मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजाराच्या, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या मते जगात दोनच जातीची माणसं आहेत: गेमिंगवाली आणि एडिटिंगवाली. महापालिकेच्या कागदावर या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा फक्त पोस्टमनच असू शकतो. ग्रँट रोडला उतरून पहिल्याच दुकानात शिरलो तर काउंटरमागून प्रश्न आला, "बॉस, गेमिंग का एडिटिंग?"

"गाणं," मी म्हणालो. दुकानदाराने कनवाळूपणे हेडफोनच्या कपाटाकडे बोट केलं.

मला घरी गाणं रेकॉर्ड करायचं होतं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता. पेटी, तानपुरा, आणि जमलंच तर मागे थोडी व्हायोलिन्स. ती अर्थात सॅम्पलची, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांची, कारण खऱ्या वादकांना आमच्या हॉलमध्ये आळीपाळीनेच बसावं लागेल. असा तयार वाद्यवृंद मेमरीत कित्येक गिगाबाइट पसरतो, म्हणून ३२ जीबी रॅम. त्याला भराभर उचलून आणायला एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. आणि प्रोसेसर असा, की त्याचा एकटा कोअरही, म्हणजे आतल्या अनेक मेंदूंपैकी एकही, दमदार हवा, कारण एका ट्रॅकवर चढवलेले सगळे इफेक्ट सहसा एकाच कोअरच्या मानगुटीवर बसतात. माझा अभ्यास पक्का होता. सोबत आलेल्या भाच्याचाही होता, फक्त विषय वेगळा होता.

"मामा, ग्राफिक्स कार्ड कुठलं?"

"नको."

"नको म्हणजे?"

"गाण्यात बघायचं काय असतं रे?"

भाचा तोंड फिरवून रस्ता बघू लागला. दुकानदाराने मात्र उमेद सोडली नाही. त्याने एक स्वस्तातला प्रोसेसर पुढे सरकवला. नावाच्या शेपटीला 'एफ' होतं. एफ म्हणजे आत ग्राफिक्सची सोयच नाही. नुसतं पडद्यावर घड्याळ बघायचं तरी वेगळं कार्ड घ्या. मी रायझन ७ ७७०० वर अडून बसलो. ग्राफिक्स आतच, शिवाय ६५ वॅटचा. कमी तापणार, म्हणजे पंखा कमी फिरणार.

पंखा हेच माझं खरं दुखणं. लोक लेटन्सीला, म्हणजे सूर वाजवल्यावर तो ऐकू येईपर्यंतच्या उशिराला घाबरतात. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवायची जागा, ठेवला तर आवाजाला २३ मिलिसेकंद उशीर होतो. तेवढ्यात आवाज हवेतून आठ मीटर जातो; म्हणजे पेटी आपण आपल्या हॉलमध्ये वाजवायची आणि ऐकू यायची शेजारच्यांच्या ओट्यावरून. पण बफर ६४ केला की तेच अंतर अर्ध्या मीटरवर येतं. एक आकडा बदलला, मिटलं. पंखा असा ऐकत नाही.

सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो. सेकंदाला वीस. वीस साती १४०. म्हणजे १४० हर्ट्झचा सूर, आणि काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज १३८.६. पंखा काळी एकमध्ये गातो, किंचित चढा. मी गातो काळी दोनमध्ये. माझ्या षड्जाला हा सूर कोमल निषाद लागतो. मी भूप गाणार, ज्यात निषादाला दारातही उभं करत नाहीत, आणि मागे हा यंत्रमानव अखंड कोमल निषाद लावून बसणार! बरं, मोठा, १४० मिलिमीटरचा पंखा घेऊन ६०० फेऱ्यांवर ठेवला तर आवाज कमी होतो, पण निषाद जात नाही. नुसता खर्जात उतरतो.

एवढं डोक्यात असल्यावर मी दुकानात पंख्यांची पाती मोजू लागलो, यात नवल काय? नऊ पात्यांचा एक सापडला. डोळे मिटून हिशोब केला: मिनिटाला ५१८ फेऱ्यांहून किंचित जास्त, की खर्जातली काळी दोन.

"साब, इसमें लाइट भी है," दुकानदार म्हणाला.

"ती बंद होते?"

"बंद क्यूँ करना है?"

याला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हतं. त्या दुकानातलं प्रत्येक कॅबिनेट काचेचं होतं आणि नवरात्रातल्या मंडपासारखं लुकलुकत होतं. रॅमच्या पट्ट्यासुद्धा रंग बदलत होत्या. मी म्हटलं, मला काच नको, दिवे नकोत. काळा पत्रा, आत फोम, एवढंच. तो आत ओरडला. माळ्यावरून एका पोराने धूळ झटकत एक खोका उतरवला. "ये कोई लेता नहीं," दुकानदार म्हणाला, आणि न मागता किंमत कमी केली. या रस्त्यावर असं होतं हे भाच्याला आजही पटत नाही.

जोडणी त्याच पोराने केली, झकास केली. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, असा निवडला होता की हलक्या कामाला त्याचा पंखा फिरतच नाही. मग बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही. या जातीच्या मदरबोर्डला पहिल्यांदा सुरू होताना नव्या डीडीआर ५ रॅमशी ओळख करून घ्यायला कधी कधी काही मिनिटं लागतात, आणि तोवर पडदाही काळा असतो. पोराने थोडी वाट बघितली आणि बटण दाबून धरलं. मग पुन्हा दाबलं. पुन्हा वाट, पुन्हा बंद. भाचा "स्पीकर लावून बघ" म्हणाला. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता, की गाणंबिणं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातच हेडफोन देऊन वाटेला लावायला हवं होतं.

शेवटी पोराने तळहात पाठीमागच्या जाळीला लावला. कोमट वारा येत होता.

"साब," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "ये तो कब से चालू है!"