बाटलीवर हिरवं पान, नाल्यात फेस

पुण्याजवळच्या मोशीतल्या आमच्या सोसायटीत सध्या एक वाद पेटला आहे आणि जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये राहून मीही त्यात ओढली गेले आहे. काही घरांनी ठरवलंय की धुण्याची पावडर, फरशीचं फिनेल, भांड्यांचं लिक्विड हे सगळं बंद. रिठे, फळांच्या सालींचं बायोएन्झाइम, काथ्याची घासणी आणि जुन्या सुती साड्यांची फडकी, एवढ्यावर घर चालवायचं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, इंद्रायणीवर फेस येतो तो कारखान्यांमुळे, आमच्या बादलीमुळे नाही. माझी वहिनी पहिल्या गटात आहे. तिने मला कळवलं, "ताई, तुमच्याकडच्या नद्या स्वच्छ आहेत, कारण तिथली माणसं चांगले साबण वापरतात. आपणही वापरायला हवेत."

तिची कळकळ मला पुरेपूर पटते. पण जर्मनीतल्या नद्या स्वच्छ होण्याचं कारण तिने सांगितलं ते नाही, आणि खरं कारण समजून घेतलं नाही तर मोशीतली ही सगळी मेहनत वाया जाईल.

स्टुटगार्टमधून नेकार नदी वाहते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच नदीवर, बंधाऱ्यांपाशी, पांढऱ्या फेसाचे ढीग साचायचे. आळंदीची आजची छायाचित्रं दाखवली तर इथल्या म्हाताऱ्या माणसांना ती ओळखीची वाटतील. युद्धानंतर साबणाची जागा डिटर्जंटने घेतली होती. त्यातल्या रेणूची साखळी फांद्याफांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. मग १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला, आणि १ ऑक्टोबर १९६४ पासून डिटर्जंटमधला फेस आणणारा घटक किमान ८० टक्के विघटन पावणारा असणं बंधनकारक झालं. कंपन्यांनी फांद्यांची साखळी सोडून सरळ साखळीचा रेणू आणला. फेस ओसरला. गृहिणींनी त्यासाठी काही वेगळं निवडलं नव्हतं. त्याच दुकानातून तोच पुडा घरी येत होता, फक्त आतला माल कायद्याने बदलला होता.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या बोडेनसी सरोवराची गोष्ट याहून मोठी आहे. स्टुटगार्टच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा भाग तिथून येतो; सुमारे ४० लाख लोक त्या सरोवराचं पाणी पितात. १९७९ च्या सुमारास त्याच्या पाण्यात फॉस्फरस लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता. शेवाळ माजत होतं, तळाचा प्राणवायू संपत होता. फॉस्फरस येत होता शेतातून, मैल्यातून आणि धुण्याच्या पावडरीतून. जर्मनीने १९८० च्या नियमाने पावडरीतल्या फॉस्फेटवर मर्यादा घातली, स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपड्यांच्या पावडरीत त्यावर सरळ बंदी घातली. त्याच काळात काठावरच्या देशांनी मिळून सांडपाणी शुद्धीकरणावर अब्जावधी खर्च केले. आज ते प्रमाण लिटरमागे सहा-सात मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. पाणी इतकं निर्मळ झालंय की आता मासेमारांची तक्रार आहे, माशांना खायला उरत नाही.

आता इंद्रायणीकडे येते. आपल्याकडे छोट्या कारखान्यांत पावडर बनवणारे ज्याला 'ॲसिड स्लरी' म्हणतात, ती त्याच सरळ साखळीच्या रेणूची. म्हणजे जर्मनीने १९६४ मध्ये जो बदल सक्तीने करून घेतला, तो माल आपल्या किराणा दुकानात कधीचाच आहे. तरी फेस का? कारण हा रेणू जिवाणू तोडतात ते भरपूर प्राणवायू असेल तेव्हा. शुद्धीकरण प्रकल्पात ब्लोअर लावून पाण्यात तासन्‌तास हवा सोडतात ती त्यासाठीच. कुजलेल्या नाल्यात प्राणवायू नसतो, तिथे तो रेणू जवळजवळ तसाच पुढे जातो. नदीवर पाणी उंचावरून कोसळलं, घुसळलं गेलं, की फेस होऊन वर येतो. कारखान्यांचं पाणी त्यात आहेच, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण घरांचा मैला त्यात नाही असं म्हणणाऱ्यांनी सरकारी आकडा पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेलं नदीत, तळ्यात, खाडीत. मोशीतून सुटलेलं पाणी पुढे आळंदीच्या घाटावर येतं, तिथे वारकरी त्यात उतरतात, ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि सगळं उजनीत जाऊन साठतं. सोलापूर जिल्हा ते पाणी वापरतो.

म्हणून वहिनीला माझं सांगणं असं की बाटलीवर 'जैवविघटनशील' लिहिलेलं असतं, त्याची अर्धी जबाबदारी बाटलीबाहेर असते. ती पाइपच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथे हवा सोडणारं यंत्र बंद असेल तर पाचपट किमतीचं, हिरव्या पानाचं लिक्विड आणि दहा रुपयांचा पुडा यांच्यात नदीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

रिठ्याचंही तसंच. रिठा मला प्रिय आहे. इथे जर्मनीत आपले रिठे छोट्या सुती पिशवीत घालून 'धुण्याची फळं' म्हणून विकतात. लोकर, रेशीम, पैठणी, सोन्याचे दागिने यांच्यासाठी त्याच्याइतकं मऊ काही नाही. पण रिठ्यात डाग तोडणारं एन्झाइम नाही, पांढरेपणा टिकवणारं ब्लीच नाही; रोजचे शाळेचे गणवेश त्यात धुतले तर हळूहळू काळवंडतात. आणि रिठ्यातलं फेस आणणारं सॅपोनिन माशांना घातक असतं. डोहात रिठे कुटून टाकून मासे पकडण्याची रीत जुनी आहे. झाडाचं आहे म्हणून नाल्यात सोडायला निर्धोक, असं होत नाही.

बायोएन्झाइमबद्दल थोडक्यात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. तयार होतं ते सौम्य आम्ल. सिरॅमिकच्या टाइल्स, सिंक, बेसिन यांना चांगलं, आणि साली कचऱ्यात जात नाहीत हेही चांगलंच. मात्र शहाबादी, कोटा, संगमरवर यांवर ते ओतू नये. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई जाते. आणि कुठलंही आम्ल, घरचं असो की संडास धुवायचं, ब्लीचिंग पावडरीत कधीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत काम करणाऱ्या बाईच्या जिवावर बेतू शकतं.

त्या बाईबद्दल या वादात कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सोसायटीतल्या बहुतेक घरी धुणंभांडी मावशी करतात. पावडर बंद करून रिठे आणायचे, तर ते भिजवणं, उकळणं, गाळणं आणि मग कॉलर जास्त वेळ चोळणं कुणाच्या हाताला येणार? लिक्विड बंद करून काथ्या आणि राख आणली, तर तेलकट कढई घासायला लागणारी जास्तीची दहा मिनिटं कुणाची? आजीच्या काळी सगळं निसर्गाला धरून होतं असं म्हणताना पाणी कोण ओढत होतं आणि धोपटणं कोणाच्या हातात होतं, हे आठवायला हवं. जो बदल मावशींचं काम वाढवतो आणि त्यांच्या पगारात एक रुपया घालत नाही, त्याला पर्यावरणाचं नाव देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचं काम आणि त्यांच्या हाताच्या भेगा कमी होतील, असेच बदल आधी करावेत.

असे बदल आहेत. इथे सगळ्यात उपयोगाचं मी काय शिकले असेन तर मोजून घालणं. जर्मनीत प्रत्येक पुड्यावर तक्ता असतो: पाणी मऊ, मध्यम की कठीण, आणि कपडे किती मळलेले, त्यावरून किती मिलिलिटर पावडर. पाणी किती कठीण आहे हे नळाचं पाणी पुरवणारी संस्था सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर नाहीतर बोअरचं पाणी येतं, ते कठीण असतं, फेस होत नाही, म्हणून आणखी एक मूठ पडते. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्तीची पावडर कपड्यात राहते, ती काढायला आणखी एक-दोन बादल्या पाणी लागतं, आणि मावशींच्या बोटांची सालपटं निघतात ती त्याच खाराने. सोसायटीने एकदा पाण्याची कठीणता तपासून घ्यावी आणि मापाचा चमचा घरोघर द्यावा. यात पैसे वाचतात, पाणी वाचतं, हात वाचतात. नदीत जाणारा माल पहिल्या दिवसापासून कमी होतो, त्यासाठी कुठल्या प्रकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरं, फडकी. याबाबतीत आपण जर्मनांच्या पुढे होतो आणि आहोत. इथे पेपर टॉवेलचे गठ्ठेच्या गठ्ठे गाडीत भरून नेणारी माणसं मी रोज पाहते. आपल्या घरी जुनं धोतर, सुती साडी, बनियन यांचं फडकं होतं, ते फाटेपर्यंत चालतं. अलीकडे त्याच्या जागी रंगीत मायक्रोफायबर आलंय. ते पॉलिस्टरचं असतं, धुताना प्लास्टिकचे तंतू सोडतं. जुनी साडी टाकून ते विकत आणण्याची गरज नाही. घोसाळ्याची वाळलेली जाळी भांड्यांना मिळाली तर उत्तमच.

रिफिलच्या पाऊचचा मात्र मला भरवसा वाटत नाही, इथेही आणि तिथेही. अनेक थरांचं ते प्लास्टिक पुन्हा वापरात आणणं अवघड असतं. मोठा डबा आणून चार घरांनी वाटून घेणं बरं. बिनवेष्टनाची दुकानं इथे दहा वर्षांपूर्वी हौसेने निघाली, त्यांतली अनेक आता बंद झाली आहेत. घरं एकत्र येऊन घाऊक आणतात ती पद्धत टिकते.

आणि मग मूळ गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि स्वतःचा सांडपाणी प्रकल्प उभारणं ही त्यातली अट असते. आपल्या सोसायटीच्या तळघरात तो आहे. ब्लोअर दिवसाचे किती तास चालतो, हे वहिनीने विचारल्यावर कमिटीत कुणालाच सांगता आलं नाही. विजेचं बिल वाचवायला तो बहुतेक वेळ बंद ठेवतात, असं सुरक्षारक्षकाने सांगितलं. साबणावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं पाणी त्याच बंद यंत्रातून नाल्यात जातं. पुढच्या सर्वसाधारण सभेत चर्चा व्हायची असेल तर त्यावर व्हावी: ब्लोअरच्या तासांची नोंदवही दर महिन्याला फलकावर लागावी, बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून व्हावी, आणि महापालिकेला आपला अहवाल देऊन वरच्या आणि खालच्या अंगाच्या वस्त्यांचाही मागावा.

याला पैसे लागतात. स्टुटगार्टमध्ये नळाच्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे सांडपाण्याचा वेगळा आकार मी भरते, सगळेच भरतात. मुलहाउझेनचा मोठा प्रकल्प त्यावर रात्रंदिवस चालतो. मोशीतला आमचा फ्लॅट वर्षाचे बरेच महिने बंद असतो, तिथलं सांडपाणी जवळजवळ शून्य. तरीही ब्लोअर चोवीस तास चालवायला मासिक देखभाल वाढवावी लागली, तर आमच्या फ्लॅटचा पूर्ण वाटा मी भरेन, असं सेक्रेटरींना लेखी कळवलं आहे. परदेशात राहून सल्ले देणं सोपं, असं दुसऱ्या गटातले एक काका म्हणाले होते. त्यांनाही त्या पत्राची प्रत पाठवली आहे, आणि सभेत ठराव मांडायची विनंतीही केली आहे, कारण वीजखर्चाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाला येत नाही.